जिभाऊंचं शेड आणि पत्र्याखालचा तो त्रिकोण

मागच्या महिन्यात शिरपूरकडून जिभाऊंचा फोन आला. शेतात शेड टाकायचंय, फॅब्रिकेशनवाल्याने व्हॉट्सअपवर कोटेशन पाठवलंय, सगळं समजलं, पाइप समजले, पत्र्याचं गेज समजलं, पण मधेच एक ओळ आहे ‘गेबल साइड बंद करणे’ आणि तिच्यापुढे वेगळी रक्कम. "हाई गेबल काय शे भो? केबल तं नही ना?" मी हसलो, पण मग लक्षात आलं की मी स्वतः सिव्हिलचा डिप्लोमा केला तरी हा शब्द मला कुणी नीट समजावला नव्हता, परीक्षेत आकृती काढली आणि पुढे गेलो. तर जिभाऊंना जे फोनवर अर्धा तास सांगितलं ते इथे लिहितो, थोडं जास्तच लिहितो.

एक वही घ्या, मधोमध उघडा आणि टेबलावर पालथी उभी करा, तंबूसारखी. दोन पानं दोन बाजूंना उतरली, हे झालं छप्पर. वरची घडी म्हणजे आढं. दोन उतार म्हणजे दोन पाखं, म्हणून असल्या घराला दुपाखी घर म्हणतात. पानांच्या खालच्या कडा, जिथून पाणी ठिबकतं, ती वळचण. आता वहीच्या टोकाकडून बघा, तिथे एक त्रिकोणी भोक दिसतं. ते भोक ज्या भिंतीने बुजवायचं तो भिंतीचा त्रिकोणी तुकडा म्हणजे गेबल. बस, एवढंच आहे ते. आमच्या गावचा मिस्तरी त्याला नुसतं ‘आढ्याखालची भिंत’ म्हणतो आणि त्याचं काही अडत नाही.

आणि चारही बाजूंनी उतार असला, चौपाखी, तर गेबल नसतोच, कारण त्रिकोणाच्या जागी भिंत नाही, तिथेही छप्परच खाली उतरलेलं असतं.

आता जिभाऊंना हा शब्द माहीत नसणं साहजिक आहे, कारण आपल्याकडची, म्हणजे खान्देशातली, जुनी घरं धाब्याची. लाकडी तुळया, त्यावर आडव्या किलच्या, त्यावर पाला-काडी आणि वर मातीचा जाड थर, पावसाळ्याच्या तोंडावर खारी माती टाकायची, झालं सपाट छत. जळगाव भागात पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास, धुळ्याकडे अजून कमी, कोकणात तो अडीच-तीन हजाराच्या घरात जातो. आपल्या एवढ्याशा पावसासाठी उतार कोण करणार, उलट सपाट धाब्याचा उपयोग किती, उन्हाळ्यात वर झोपा, मिरच्या वाळवा, कुरडया-पापड घाला, पोरं पतंग उडवतात. जिभाऊंची आई म्हणायची, "आपलाकडे पानी कितलाक पडस, पाखं कसाले जोयजे?" आणि ते खरंच होतं. पण सातपुड्यात वर चढलात, धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळच्या बाजूला, तर पाऊस वाढतो आणि घरंही बदलतात, पावरा-भिल्लांची कुडाच्या भिंतींची, वर कौलं घातलेली दुपाखी घरं दिसायला लागतात. म्हणजे एकाच जिल्ह्यात खाली धाबं आणि वर पाखं. नकाशावर पावसाची रेघ काढायची गरज नाही, घरांकडे बघत जा.

दुपाखी घराची एक गंमत आहे जी पुस्तकात सहसा दिसत नाही. लांबीकडच्या दोन्ही भिंतींना वळचणीचं संरक्षण असतं, पाणी भिंतीपासून लांब पडतं. गेबलच्या भिंतीला ते नाही, ती उघडी. तिच्यावर पाऊस सरळ आडवा मारतो आणि मातीची भिंत असेल तर आधी तीच धुपते. म्हणून खेड्यात तो त्रिकोण पुष्कळदा मातीचा करतच नाहीत, तुराट्यांचा नाहीतर बांबूच्या तट्ट्याचा करतात, वजनाला हलका, फाटला तर पुढच्या वर्षी दुसरा. शिवाय चुलीचा धूर त्यातूनच बाहेर जातो. शहरातला आर्किटेक्ट यालाच ‘व्हेंटिलेटेड गेबल’ म्हणून ड्रॉइंगमध्ये दाखवेल आणि फी लावेल.

बरं, भिंत का लागते तिथे, नुसतं मोकळं का नाही ठेवत? इथे थोडं बळाचं गणित येतं पण सोपं आहे. पेंटरची घोडी बघितलीये ना, ए आकाराची शिडी. तिचे दोन पाय मधे दोरीने बांधलेले असतात, का, तर वर माणूस चढला की पाय बाहेरच्या बाजूला पसरायला बघतात. छपराचे वासेसुद्धा तसेच, आढ्याला टेकून दोन बाजूंना उभे, वर कौलांचं वजन पडलं की खालची टोकं भिंतींना बाहेर ढकलतात. म्हणून खालून एक आडवं लाकूड बांधतात, ते वाशांना दोन्हीकडून धरून ठेवतं, दोरीचं काम ते करतं. या सगळ्या त्रिकोणी सांगाड्याला आपले लोक कैची म्हणतात, लोखंडी असली तरी कैचीच. आता घराच्या दोन टोकांना मजबूत भिंत आढ्यापर्यंत नेली तर आढं थेट त्या भिंतीवर बसतं आणि टोकाची कैची वाचते. म्हणजे गेबल हा जुन्या घरात नुसता पडदा नव्हता, छपराचा एक खांबच होता म्हणा. जिभाऊंच्या शेडमध्ये मात्र टोकाला पण लोखंडी कैची आहे, त्यामुळे तिथे गेबल खराखुरा पडदाच, पत्रा मारला काय न मारला काय, शेड उभं राहील. वाऱ्याचं वेगळं, त्यावर येतो.

आधी प्रकार. प्रकारांची यादी नेटवर शंभर ठिकाणी मिळेल आणि वाचून डोकं फिरेल, कारण तिथे कधी भिंतीच्या आकाराचे प्रकार असतात, कधी छपराच्या आकाराचे आणि कधी घर रस्त्याकडे तोंड कसं करून बसलंय त्याचे, सगळं एकत्र कालवलेलं. वेगवेगळं केलं की सोपं होतं.

घराचं तोंड कुठे, यावरून दोन. दरवाजा वळचणीखाली असेल तर आत-बाहेर करताना पावसाची धार डोक्यावर, म्हणून पुढे ओसरी किंवा पडवी काढावी लागते, आणि त्रिकोण बाजूला शेजाऱ्याकडे राहतो. दरवाजा त्रिकोणाच्याच भिंतीत असेल तर धार दोन्ही बाजूंना जाते आणि घराला एकदम चेहरा येतो, चर्च, देऊळ, शाळा, पोस्ट, गोडाऊन अशा इमारतींना हे आवडतं कारण लांबून ओळखू येतं. ग्रीकांनी तर या त्रिकोणाचं सोनं केलं, अथेन्सच्या पार्थेननच्या पूर्वेच्या त्रिकोणात अथेनादेवीच्या जन्माची शिल्पं आणि पश्चिमेच्या त्रिकोणात तिचं आणि पोसायडनचं भांडण, शहर कुणाचं यावरून. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं काम. त्याची नक्कल पुढे जगभरच्या बँका आणि कोर्टांनी दारावर लावली. त्या त्रिकोणाला पेडिमेंट म्हणतात.

दोन दुपाखी छपरं एकमेकांना काटकोनात घुसवली तर क्रॉस गेबल. घर इंग्रजी एल नाहीतर टी आकाराचं असलं की हे आपोआप येतं. दिसायला एक नंबर, पण जिथे दोन पाखं आतल्या कोनात भेटतात तिथे पन्हाळी तयार होते आणि दोन्हीकडचं पाणी तिथेच जमतं, पाला पण तिथेच, आणि छप्पर गळतं तेव्हा दहातल्या आठ वेळा तिथूनच गळतं (हा आकडा माझा, कुठल्या अभ्यासाचा नाही). ज्याला शांत झोप पाहिजे त्याने पन्हाळ्या कमी ठेवाव्यात.

मग छपराच्या आकाराने बदलणारे. त्रिकोणाचं वरचं टोक कापून तिथे छोटंसं तिसरं पाखं खाली उतरवलं तर अर्धा गेबल, नाक कापल्यासारखा दिसतो पण वाऱ्याला टोक कमी मिळतं. उलटं केलं, म्हणजे खाली चौपाखी आणि वर आढ्याजवळ तेवढा छोटा त्रिकोण, तर केरळच्या जुन्या घरांत दिसतो तो प्रकार, त्याला तिकडे मुखप्पु म्हणतात, कोरीव लाकडाची जाळी असते, आतली गरम हवा तिथून निघून जाते. जपानच्या देवळांमध्येही हीच युक्ती आहे, तिकडे इरिमोया म्हणतात. माझ्या मते गरम भागासाठी याच्यासारखा प्रकार नाही, चारही भिंतींना वळचण मिळते आणि वर धुराडं पण. एक पाखं आखूड आणि एक लांबलचक खाली आणलं तर सॉल्टबॉक्स. प्रत्येक पाखं मधे मोडून दोन उतारांचं केलं, वर मंद आणि खाली उभं, तर गँब्रेल, अमेरिकन सिनेमातली लाल रंगाची धान्याची कोठारं आठवा, आत माळ्यावर गवत ठेवायला जागा जास्त मिळते.

आणि भिंतीच्या आकाराचे प्रकार, ही सगळ्यात मजेदार जात. इथे भिंत छपराच्या वर डोकं काढते. स्कॉटलंड, बेल्जियम, हॉलंडकडे त्रिकोणाच्या दोन्ही कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या करतात, विटा तिरप्या कापत बसायचं काम नाही. ॲमस्टरडॅममध्ये कालव्याकाठी घरं चिंचोळी आणि उंच, एकाला एक चिकटून, पुढे दाखवायला जागा फक्त गेबलचीच, मग काय, पायऱ्यांचा गेबल, घंटेच्या आकाराचा गेबल, मानेसारखा अरुंद वर गेलेला गेबल, प्रत्येक व्यापाऱ्याची हौस वेगळी. त्या त्रिकोणातून एक लाकडी दांडा बाहेर आलेला असतो आणि त्याला हूक, कारण जिने इतके अरुंद की कपाट काय, पलंग काय, सगळं दोरीने बाहेरूनच वर ओढायचं आणि खिडकीतून आत घ्यायचं. कित्येक घरं मुद्दाम थोडी पुढे झुकवून बांधलेली, सामान भिंतीला घासू नये म्हणून. डच लोक दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनकडे गेले तर वळणावळणाचे गेबल तिकडेही घेऊन गेले. चीनमध्ये अनहुई प्रांतात गावंच्या गावं पायऱ्यांच्या गेबलची आहेत, त्या भिंतींना घोड्याच्या डोक्याची भिंत म्हणतात, पण तिथे कारण हौस नाही, आग. घरं लाकडी आणि खेटून, एकाचं छप्पर पेटलं की ज्वाळा शेजारी जाऊ नये म्हणून भिंत छपराच्या वर काढलेली.

आता सांगतो ती गोष्ट जी ऐकून जिभाऊ फोनवर गप्प झाले. आपल्याकडची जुनी घरं धाब्याची, म्हणजे बिनगेबलची, असं मी वर म्हटलं ना, ते अर्धवट खरं आहे. जगातल्या भारी गेबलांपैकी काही आपल्या उंबऱ्याशी आहेत, जळगावहून साठेक किलोमीटरवर, अजिंठ्यात. जिल्हा तांत्रिकदृष्ट्या दुसरा आहे पण आपण सगळे शाळेच्या सहलीला तिथेच गेलोय.

१९ नंबर आणि २६ नंबरच्या लेणीचा दर्शनी भाग डोळ्यासमोर आणा, दारावर घोड्याच्या नालेसारखी मोठी कमानदार खिडकी. सहलीत गाईड सांगतो की ही चैत्य खिडकी, आतल्या स्तूपावर उजेड पडायला. बरोबर आहे, पण आकार नालेचाच का? कारण तो आकार मुळात दगडाचा नाहीच, तो गवताने शाकारलेल्या लाकडी छपराचा आहे. त्या काळात लाकूड किंवा बांबू वाकवून कमानी करायचे, एकामागे एक उभ्या करायचे, वर गवत, म्हणजे बैलगाडीवरच्या तट्ट्यासारखं गोल छप्पर. अशा छपराच्या टोकाला त्रिकोण येत नाही, कमान येते. म्हणजे ती खिडकी हा गोल छपराचा गेबल! दगडात कोरणाऱ्यांनी लाकडी इमारतीचं तोंड जसंच्या तसं डोंगरावर उमटवलं. यातला सगळ्यात जुना नमुना बिहारमध्ये बराबर टेकड्यांवर लोमस ऋषीच्या गुहेच्या दारावर आहे, मौर्यांच्या काळातला, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, त्यात वाशांची टोकंसुद्धा कोरलीत. डोंगर कोरलेला असताना वाशांची गरज शून्य, तरी कोरले, कारण घर म्हटलं की वासे असतातच ना.

अजिंठ्याच्या ९ आणि १० नंबरच्या लेणी इसवी सनापूर्वीच्या, तिथे छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्या होत्या. दहाव्यातच १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात पोचला आणि खांबावर स्वतःचं नाव खरडून गेला. कार्ले आणि भाजे इथल्या लेण्यांत तशा लाकडी कमानी आजही छताला दिसतात. नंतरच्या लेण्यांत, म्हणजे १९, २६ मध्ये, कमानीही दगडाच्याच कोरल्या. आणि वेरूळच्या १० नंबरच्या लेण्याला लोक काय म्हणतात, सुतार का झोपडा! पुरातत्त्ववाल्यांनी शंभर पानं लिहिली असती तरी याच्याहून नेमकं नाव सापडलं नसतं, दगडात बसलेली सुताराची झोपडी. चाळीसगावच्या वर डोंगरात पितळखोऱ्याला पण असंच जुनं चैत्यगृह आहे, तिथे गर्दी नसते, निवांत बघता येतं.

पुढे या नालेच्या आकाराचं काय झालं बघा. तो लहान होत होत शोभेचा झाला, देवळांच्या शिखरांवर त्याची जाळीच्या जाळी विणली गेली, गवाक्ष म्हणतात. दक्षिणेत गोपुराच्या अगदी वरती जो आडवा ढोल ठेवल्यासारखा भाग असतो त्याच्या दोन्ही टोकांना हीच कमान. निलगिरीतले तोडा लोक अजून गोल छपराची झोपडी बांधतात आणि तिच्या पुढच्या कमानीच्या भिंतीत इतकं छोटं दार ठेवतात की वाकून रांगत आत जावं लागतं, ती बघितली की अजिंठ्याची खिडकी कुठून आली ते एका फोटोत कळतं.

असो, जिभाऊ म्हणाले ते सगळं ठीक शे, माझं शेड बंद करू का उघडं ठेवू ते सांग.

तर वारा. मे-जूनमध्ये आपल्याकडे वादळ आलं की केळी आडव्या होतात आणि पत्रे उडतात. पत्रा उडतो तो वारा वरून ढकलतो म्हणून नाही, वर ओढला जातो म्हणून. छपरावरून वारा जोरात सरकला की वर दाब कमी होतो, पत्रा वर खेचला जातो. त्यात एक गेबल उघडा आणि दुसरा बंद असेल, आणि वारा उघड्या बाजूने आला, तर आत शिरलेली हवा बाहेर पडायला जागा शोधते, ती पण पत्र्याला खालून वर ढकलते. दोन्ही बळं एकाच दिशेला. छत्री उलटी होते तसं. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं गोडाऊन असंच गेलं, पश्चिमेचा गेबल मोकळा, पूर्वेचा बंद, जे-बोल्ट, म्हणजे पत्रा खालच्या पाइपाला धरून ठेवणारे वाकडे बोल्ट, लांब लांब मारलेले, अर्धे पत्रे शेजारच्या कपाशीत सापडले. म्हणून जिकडून वादळ येतं ती बाजू बंद, आणि दोन्हीकडे वरच्या टोकाला झडपा किंवा जाळी, म्हणजे हवा आरपार जाईल. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा त्याच झडपा कामाला येतात, गरम हवा आढ्याखाली साठते, तिला तिथूनच वाट दिली पाहिजे, खालच्या खिडकीतून ती कधीच जाणार नाही. झडप एकाच बाजूला ठेवली तर निम्मा फायदा गेला. आणि गेबलच्या भिंतीबाहेर पत्रा फार काढू नका, तेवढाच भाग वाऱ्याच्या हातात आयता सापडतो. कडेला पट्टी मारून घ्या. भुसावळकडची रेल्वेची जुनी कौलारू घरं बघा, कडेला लाकडाची नक्षीदार झालर असते, आपल्याला वाटतं इंग्रजांची हौस, पण ती पट्टी वाशांची टोकं पावसापासून झाकते आणि कौलाखाली वारा शिरू देत नाही. नक्षी वरून फुकट.

विटांचा गेबल करणार असाल, घराला, तर एक गोष्ट सोडू नका. तो त्रिकोण उंच, पातळ आणि वरून कशानेही न धरलेला असतो, भूकंपात सगळ्यात आधी बाहेर कोसळतो. म्हणून भूकंपात टिकेल अशा बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस ४३२६ मध्ये, गेबल बँड सांगितलाय, म्हणजे त्रिकोणाच्या तिरप्या कडेने सळया टाकून काँक्रीटची पट्टी, ती खालच्या रूफ बँडला, म्हणजे छपराच्या पातळीवर भिंतींवरून फिरणाऱ्या आडव्या पट्टीला, जोडायची आणि छप्पर तिला बांधायचं. आपल्याकडे कुठला भूकंप असं म्हणू नका, १४ मार्च १९३८ ला सातपुड्यातच मोठा धक्का बसला होता.

आणि ते एलेव्हेशनचं, म्हणजे दर्शनी भाग सजवायचं, फॅड. जळगाव-धुळ्याच्या नव्या कॉलन्यांमध्ये चक्कर मारा, सपाट स्लॅब, त्याच्यापुढे गच्चीवर सिमेंटचा तिरपा त्रिकोण, वर लाल टाइल, मागून बघितलं तर काहीच नाही, नाटकाचा पडदा. छपराशिवायचा गेबल म्हणजे बैलाशिवाय झूल. वर त्या त्रिकोणाच्या आणि गच्चीच्या सांध्यात पाणी मुरतं ते वेगळंच. कुणाला आवडत असेल तर माझं काही म्हणणं नाही, पैसे त्यांचे, पण वॉटरप्रूफिंगवाल्याचा नंबर सेव्ह करून ठेवावा.

जिभाऊंनी शेवटी पश्चिमेचा गेबल पूर्ण बंद केला, वरती दोन हात झडप ठेवून, पूर्वेचा वर जाळी आणि खाली मोकळा, कारण ट्रॅक्टर तिकडूनच आत जातो. मी म्हटलं त्या बाजूला सरकतं शटर तरी लावा, तर म्हणे पुढच्या वर्षी कापसाचे पैसे आले की बघू. जे-बोल्ट मात्र जवळ जवळ मारून घेतले, स्वतः शिडीवर चढून मोजले म्हणे. आता पत्रा निळा घ्यायचा का पांढरा यावर काकूंशी वाद चालू आहे, त्यात मी पडलो नाही.